कोंबडीचा डब्ल्यू दिसेपर्यंत : निलंग्याच्या लॅबमधल्या नोंदी

१८ मार्च २०२४

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची तीन पोरं आणि मी. काम असं ठरलं : कोंबडीच्या चार दिवसांच्या भ्रूणातून गुणसूत्रांच्या स्लाइड करायच्या, त्यांचं सी-बँडिंग (गुणसूत्राचे ठराविक भागच गडद रंगवायची पद्धत) करायचं आणि मादीतलं डब्ल्यू गुणसूत्र काळंभोर उठून दिसतं का ते बघायचं. डीएनएच्या नकला काढणारं पीसीआर मशीन नाही, येईल तेव्हा येईल. मायक्रोस्कोपचं शंभरचं ऑइल इमर्शन भिंग चांगलं आहे, जिम्सा रंगाची बाटली आहे, सेंट्रिफ्यूज आवाज करतं पण फिरतं.

पुस्तकी भाग एकदाच उरकतो. पक्ष्यांत माणसाच्या उलटं असतं, नर झेडझेड आणि मादी झेडडब्ल्यू. ही जोडी कधीकाळी साधी, एकसारखी गुणसूत्रं होती, हे जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी १९६७ मध्येच मांडलं होतं. दोघांमधली तुकड्यांची अदलाबदल थांबली आणि डब्ल्यूची रया गेली. जुन्या शेकडो जीनांपैकी कोंबडीच्या डब्ल्यूवर आज २८ उरलेत. बाकी बहुतेक जागा त्याच त्या डीएनएच्या तुकड्यांनी व्यापली आहे. त्यातला एक तुकडा साधारण ७०० अक्षरांचा आहे आणि तो हजारो वेळा एकामागे एक लागलेला आहे. सी-बँडिंगमध्ये अल्कली दिली की इतर ठिकाणचा डीएनए बराचसा निघून जातो, हा घट्ट बसलेला भाग टिकतो आणि रंग धरतो.

नोंदी ठेवायचं कारण एवढंच की प्रोटोकॉल लिहिणारे एसीत बसून लिहितात. आमच्या लॅबला पत्रे आहेत.

२२ मार्च

आठवडी बाजारातून २४ गावरान अंडी आणली, १२ रुपयाला एक. ब्रॉयलरच्या दुकानातली घेतली नाहीत, ती अंड्यांसाठी पाळलेल्या लेयर कोंबड्यांची, त्यांच्यात कोंबडाच नसतो, अंडी फळायची कशी. एवढी अक्कल होती. पुढची नव्हती. बाजारातलं अंडं किती दिवसांचं आहे आणि किती ऊन खाऊन आलंय हे कोण सांगणार? चार दिवसांनी मोबाइलच्या टॉर्चवर धरून पाहिली. सात अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या दिसल्या. पाच अंड्यांत रक्ताची कडी होती, म्हणजे जीव धरून मेलेली. उरलेली कोरी. आपल्याकडं मार्च संपता संपता टोपलीतल्या अंड्याला एवढी ऊब मिळते की ते अर्धवट वाढायला लागतं आणि रात्री थांबतं. अशानं भ्रूण टिकत नाही.

२८८ रुपये आणि एक आठवडा गेला.

२ एप्रिल

थर्मोकोलच्या पेटीचं इन्क्युबेटर केलं. ६० वॅटचा बल्ब, थर्मोस्टॅट, आत पाण्याची वाटी, एकूण खर्च ६४० रुपये. साडेसदतीस अंश छान धरत होतं. दुसऱ्या रात्री लाइट गेली ती सकाळी आली. इन्व्हर्टर ऑफिसला जोडलेला आहे, लॅबला नाही, आणि त्यासाठी अर्ज करून आता दोन वर्षं झाली.

लॅबमधले मामा म्हणाले, "सर, खुडूक कोंबडी बसवा की. तिला कुठं लाइट लागती."

मामांच्या गावच्या एक मावशी आहेत, त्यांच्याकडे १५-१६ कोंबड्या आणि दोन कोंबडे. आम्ही गेलो. अंडी तिथलीच, ताजी, घातल्याची तारीख पेन्सिलीनं लिहिलेली. मावशींना काम सांगितलं तर त्या बघतच राहिल्या.

"चार दिस उबवायची आन् मग फोडायची? हे काय करूलालाव सर तुमी? कोंबडीचा तळतळाट लागंल."

शेवटी सौदा असा झाला : १५ रुपयाला अंडं, आणि सगळं काम आटोपल्यावर त्याच कोंबडीखाली एक पूर्ण घाणा ठेवायचा, त्याची पिल्लं त्यांची. वर त्यांनी अंडी निवडूनही दिली. लांबट, टोकदार एका बाजूला, गोलसर दुसऱ्या बाजूला. लांबट अंड्यातून कोंबडा निघतो, गोल अंड्यातून तलंग, असं त्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेलं आहे. पोरांना म्हटलं, वहीत लिहून ठेवा, फुकटात एक चाचणी मिळते आहे.

पहिल्या १२ अंड्यांपैकी ११ फळली. थर्मोकोलची पेटी आता स्लाइड वाळवायला वापरतो.

६ एप्रिल

पेशी विभाजनाच्या मधोमध अडवण्यासाठी कोल्चिसिन लागतं. कंपनीचा भाव पाहून गप्प बसलो. औषधाच्या दुकानात गाउटच्या, म्हणजे एका सांधेदुखीच्या, याच औषधाच्या गोळ्या मिळतात, एकीत अर्धा मिलिग्रॅम. दहा गोळ्या १० मिलिलिटर पाण्यात म्हणजे ०.०५ टक्के, हिशेब सरळ. पण गोळीत औषध चिमूटभर आणि बाकी पिठी. द्रावण ताकासारखं दिसत होतं. दोनदा फिल्टर पेपरमधून काढलं तेव्हा निवळलं. (हे विष आहे. हातमोजे घाला, उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका. आम्ही बाटलीत साठवून लेबल लावून ठेवलंय.)

अंड्याच्या बोथट टोकाला, हवेच्या पोकळीवर भोक पाडून दोन थेंब सोडायचे, चिकटपट्टी लावायची, परत उबेत ठेवायचं आणि एका तासानं भ्रूण बाहेर काढायचा. एका तासानं! नेमकं त्याच वेळी मला परीक्षेच्या ड्युटीला बोलावलं. पोरं वाट बघत बसली, सर येतील म्हणून. तीन तास झाले. गुणसूत्रं आखडून आखडून बाजरीच्या दाण्यांसारखी झाली होती, लहान कुठलं, मोठं कुठलं काही कळेना. सहा अंडी वाया. दोष माझा. तेव्हापासून नियम केला की घड्याळ पोरांच्या हातात, माझ्या परवानगीची वाट कुणी बघायची नाही.

१२ एप्रिल ते १८ एप्रिल

हा आठवडा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक लोक इथंच सोडून देतील. आम्हीही सोडणार होतो.

भ्रूण ०.५६ टक्के पोटॅशियम क्लोराइडमध्ये २५ मिनिटं, म्हणजे पेशी पाणी पिऊन फुगतात. मग तीन भाग मिथेनॉल, एक भाग ॲसिटिक ॲसिड यात तीनदा धुतलं (हे फिक्सेटिव्ह, पेशी आहे तशा टिकवतं). इथवर सगळं नीट. मग स्लाइडवर थेंब टाकायचा. थेंब पसरतो, द्रव उडतो, उडता उडता पेशीवर ताण येतो आणि गुणसूत्रं पंखा उघडावा तशी एकमेकांपासून सुटतात. असं व्हायला हवं.

झालं असं की सुटलीच नाहीत. ४० स्लाइड पाहिल्या. प्रत्येकीवर काळे गठ्ठे आणि भोवती राखाडी साय. पोरांनी थेंब एका फुटावरून टाकला, तीन फुटांवरून टाकला, एकानं टेबलावर चढून टाकला. तो थेंब स्लाइडवर पडलाच नाही, मामांच्या खांद्यावर पडला. उंचीनं फरक शून्य.

मग ३५० रुपयांचं आर्द्रता दाखवणारं घड्याळ आणलं. दुपारी तीन वाजता लॅबमध्ये ४१ अंश, आर्द्रता १३ टक्के. तेव्हा डोक्यात उजेड पडला. द्रव उडायला सावकाश वेळ मिळाला तरच पेशी पसरते. आमच्याकडे थेंब स्लाइडला टेकतो न टेकतो तोच वाळून जात होता, पेशीला अंग मोकळं करायला वेळच नव्हता. उन्हाळ्यातल्या धुण्यासारखं, पिळा उलगडायच्या आधीच कडक.

काय काय केलं ते क्रमानं : स्लाइड बर्फाच्या पाण्यात ठेवून ओल्याच वापरल्या, थोडा फरक पडला. स्लाइडवर तोंडानं वाफ सोडली, बरा फरक, पण तिघांच्या तीन तऱ्हा. शेवटी घरचा कूलर लॅबमध्ये आणला, खिडक्यांना ओली पोती लावली, काम पहाटे साडेपाचला सुरू केलं. आर्द्रता ४८. थेंब टाकल्यावर स्लाइड उकळत्या पाण्याच्या वाफेवर दोन-तीन सेकंद धरायची, कडेला इंद्रधनुष्याचे रंग उमटले की उचलायची.

१८ तारखेला सकाळी सात वाजता पहिली मोकळी मेटाफेज, म्हणजे विभाजनाच्या मधोमध अडलेल्या पेशीतली सुटी गुणसूत्रं, मिळाली. कूलर दोन महिने घरी गेला नाही, त्यावरून घरी जे ऐकलं ते इथं लिहीत नाही.

२३ एप्रिल

मोजणी. कोंबडीत ७८ गुणसूत्रं. आमची कधी ७१ आली, कधी ७४, एकदा ८१. पोरगी रडकुंडीला आली. तिला सांगितलं की थोडीच मोठी आहेत, बाकीची ठिपक्याएवढी सूक्ष्म, ती हरवतात, नाहीतर शेजारच्या पेशीतली येऊन बसतात. आपल्याला ७८ मोजायची नाहीत, झेड आणि डब्ल्यू शोधायचेत. झेडची खूण म्हणजे मोठ्यांत आकारानं चौथा-पाचवा आणि कंबर जवळजवळ मधोमध. त्याच्या आकाराचे जे शेजारी आहेत त्यांची कंबर एका टोकाकडे सरकलेली. हे एकदा डोळ्यात बसलं की झेड सापडतो.

७ मे

मतदान. मी आणि मामा दोघंही ड्युटीवर, पेट्या जमा करून परत आलो तेव्हा पहाट. मधले दहा दिवस लॅब बंदच होती. फिक्स केलेल्या पेशी फ्रीजमध्ये होत्या, वीज दोन-तीनदा गेली, तरी पेशींना काही झालं नाही. फिक्सेटिव्ह फेकून ताजं घातलं की पुन्हा कामाला तयार. या अख्ख्या प्रकल्पात मराठवाड्याला पुरून उरणारी एवढी एकच पायरी.

१५ मे

सी-बँडिंगचा पहिला प्रयत्न. ०.२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड, मग ५० अंशांवर ५ टक्के बेरियम हायड्रॉक्साइड, मग ६० अंशांवर दुप्पट ताकदीच्या एसएससी (मीठ-सायट्रेटच्या) द्रावणात एक तास, मग जिम्सा. स्लाइड काढल्या तर चुना फासल्यासारख्या पांढऱ्या. मायक्रोस्कोपखाली नुसते खडे.

बेरियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड धरतं आणि कार्बोनेटची साय येते, हे माहीत होतं. म्हणून ताजं द्रावण गाळून, झाकून वापरलं. पांढरं पुन्हा आलं. सौम्य ॲसिडनं धुतलं. थोडं गेलं, बाकी ढिम्म.

इथं पोरगीनं डोकं चालवलं. कार्बोनेट ॲसिडमध्ये विरघळायलाच पाहिजे, मग जे राहिलं ते कार्बोनेट नाहीच. दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत डिस्टिल्ड, दोन्हींत बेरियमचे चार थेंब. बोअरची नळी क्षणात दुधाळ झाली, दुसरी जेमतेम धुरकट. दोन्हींत ॲसिड टाकलं. डिस्टिल्डची नळी निवळली. बोअरची बुडबुडे सोडत अर्धीच निवळली, खाली पांढरा गाळ तसाच. सल्फेट. आमच्या बोअरच्या पाण्यात ते भरपूर आहे आणि बेरियम सल्फेट ॲसिडला दाद देत नाही. द्रावण डिस्टिल्डमध्ये केलं होतं आम्ही, पण मधल्या धुण्याला नळाचं पाणी वापरत होतो, डिस्टिल्ड वाचवायचं म्हणून.

आता बॅटरीत घालायचं पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये आणतो, धुणं सगळं त्यातच. ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांनी ही परीक्षानळी पहिल्या दिवशी करावी. पाच मिनिटं लागतात, आमचे नऊ दिवस गेले.

२४ मे

खडे गेले, आता गुणसूत्रंच गेली. प्रोटोकॉलमधली दहा मिनिटं दिली तर स्लाइडवर फिकट सावल्या उरल्या. दोन, चार, सहा, आठ मिनिटं अशी रांग लावली. दोनला सगळंच सारखं जांभळं. सहाला भुतं. चारला ठीक. स्लाइड किती दिवसांची आहे त्यावरही ठरतं, आमच्या उष्म्यात दोन दिवस मुरलेली पुरते, आठवडाभर ठेवली की रंग धरत नाही.

३० मे

पाऊस नाही, पाणी नाही, कॉलेजात कुणी नाही. पोरानं विचारलं, "सर, डब्ल्यूवरच एवढी गर्दी का झाली?"

मी खिडकीतून समोरचं रान दाखवलं. दोन भावांच्या वाटणीचं. एकजण दरसाल पाळी घालतो, खुरपतो. दुसरा पुण्याला गेला, त्याचा तुकडा पडीक, त्यात वेडी बाभूळ माजलेली. गुणसूत्रांची जोडी जोडीदाराशी तुकडे अदलाबदल करते तेव्हा ही खुरपणी होत असते. झेडला नरात दुसरा झेड भेटतो, डब्ल्यूला कुणीच नाही, टोकाच्या जराशा भागापुरता झेड सोडला तर. मग उड्या मारणारे तुकडे, जुने विषाणूंचे अवशेष, एकामागे एक नकला, जे येईल ते राहतं.

हे शोधण्यात आपला शेजार आहे हेही सांगितलं. निलंग्याहून मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ. तिथल्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ लालजी सिंग यांनी तिथं येण्याआधी एडिंबरात असताना पट्टेरी मण्यार सापाच्या डीएनएमधून असाच पुनरावृत्तीचा भाग वेगळा केला होता, त्यात जीएटीए ही चार अक्षरं फिरून फिरून येतात. सापातही मादी झेडडब्ल्यू. त्याच भागाचा पुढे हैदराबादला डीएनए फिंगरप्रिंटिंगसाठी उपयोग झाला. साप आणि पक्षी यांची लिंग-गुणसूत्रं मात्र वेगवेगळ्या साध्या जोड्यांतून झालेली आहेत. म्हणजे रानं दोन, बाभूळ दोन्हीकडे.

एमूवर हेच बघायची फार इच्छा होती, कारण एमूचा डब्ल्यू अजून झेडसारखाच दिसतो, बाभूळ फारशी माजलेलीच नाही. आमच्या एका पाहुण्यानं एमूची जोडी घेतली होती, बंगला बांधायच्या हिशेबानं. अंडं काही येईना. दोन्ही नर निघाले. विकणारा तोवर गायब. आता आसपास एमूच राहिला नाही.

१२ जून

मृगाचा पाऊस दोन दिवस चांगला पडला. आर्द्रता ७०. कूलर बंद, पोती काढली, वाफ बंद. नुसता थेंब टाकला आणि गुणसूत्रं अंगणात सडा पडावा तशी सुटी. तीन महिने ज्यासाठी डोकं फोडलं ते पावसानं फुकट दिलं. उन्हाळ्यात भ्रूणाच्या पेशी फिक्स करून ठेवा आणि स्लाइड जूनमध्ये करा, हे मला मार्चमध्ये कुणी सांगायला हवं होतं.

आणि संध्याकाळी डब्ल्यू दिसला. एक फिकट मोठा झेड, आणि बाजूला अख्खं काळं, लहानसं गुणसूत्र, टोकापासून टोकापर्यंत. पोरांनी मामांनाही बोलावून दाखवलं. मामा म्हणाले, "हे तर उंदराची लेंडी दिसतीय."

१७ जून

उत्साह उतरला. नऊ भ्रूण मादी म्हणून लिहिले होते, पुन्हा पाहिले तर त्यातल्या तिघांत झेड दोन आहेत. आम्ही ज्याला डब्ल्यू म्हणालो ते काळं पडलेलं सूक्ष्म गुणसूत्र होतं. त्यांतलीही बरीच सी-बँडिंगला काळी होतात. एका स्लाइडवर तर झेडचं टोक तुटून पडल्यासारखं दिसत होतं, कारण झेडच्या एका टोकालाही अशाच नकलांचा काळा पट्टा असतो. नवीन नियम : नुसता काळा ठिपका पुरावा नाही. आधी झेड मोजायचे. एक झेड आणि एक अख्खं काळं, तरच मादी. दोन झेड, तर नर. झेड सापडला नाही तर ती पेशी सोडून द्यायची.

आणखी एक उलट्या क्रमाचं शहाणपण. मावशींच्या एका कोंबड्याचं आणि एका कोंबडीचं नुकतं फुटणारं पीस उपटून आणलं, त्याच्या मुळातला मऊ गर घेऊन तशाच स्लाइड केल्या. लिंग आधीच माहीत असलेला नमुना. हे मार्चमध्येच पहिलं करायला हवं होतं. कोंबडीच्या विभाजन न होणाऱ्या पेशींतही, केंद्रकाच्या कडेला, एकच गडद गोळी दिसत होती, डब्ल्यू तिथंही गुंडाळून बसलेला असतो. शंभर केंद्रकांत ६४. कोंबड्यात शंभरात ९, तीही फिकी. मेटाफेज खराब आली तरी ही गोळी हाताशी राहते.

२६ जून

नंबर झाकून तिघांनी वेगवेगळं वाचलं. ३४ भ्रूणांपैकी २७ वाचता आले, १५ मादी, १२ नर. पाच स्लाइड खराब, दोघांत मेटाफेज एक सांगते आणि गोळी दुसरं, ते "ठरलं नाही" म्हणून लिहिले. पोरगा म्हणत होता एकीकडे टाकू. नाही टाकले.

मावशींची अंडी : वाचता आलेली लांबट ११, त्यांत ६ मादी ५ नर. गोलसर १६, त्यांत ९ मादी ७ नर. मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमचं यंत्र नीट नसंल.

एकूण खर्च ९,४२० रुपये, त्यात कूलरची नवी मोटर धरलेली आहे.

१९ जुलै

ठरल्याप्रमाणं शेवटचा घाणा पूर्ण उबवला, १३ अंडी, ११ पिल्लं. काल बघायला गेलो. मावशींनी एकेक पिल्लू उचलून पाय, शेपूट, चाल बघून सांगितलं, ही तलंग, हा कोंबडा. मी पायाला दोरे बांधले, लाल आणि पांढरे, आणि वहीत लिहून घेतलं.

८ सप्टेंबर

एक पिल्लू मुंगसानं नेलं. उरलेल्या दहांचे तुरे आता स्पष्ट आहेत. मावशी दहापैकी आठ बरोबर.